शब्दचर्चा: स्पायवेअरला ‘हेरगिरी’ म्हणावं का? आणि ‘बायोमेट्रिक’चं काय करावं?

प्रश्न

मानवी हक्कांवरची एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. फोनमध्ये चोरून शिरून माहिती काढणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्पायवेअर, आणि चेहरे ओळखणारे कॅमेरे यांच्यापासून माणसाचे हक्क कसे राखायचे, हा तिचा विषय. पेगॅसस हे असंच एक स्पायवेअर, वृत्तपत्रांत त्याबद्दल ‘पेगॅसस हेरगिरी प्रकरण’ असं सर्रास येतं. मला त्यातला ‘हेरगिरी’ खटकतो. ‘पाळत’, ‘टेहळणी’, ‘निगराणी’ यांपैकी काय घ्यावं? बोटांचे ठसे, बुबुळ, चेहरा यांवरून माणूस ओळखण्याच्या ‘बायोमेट्रिक’ला ‘जैवमापन’ चालेल का?

प्रतिसाद

खटकायलाच हवा. हेर म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात. हेर शत्रूच्या गोटात जातो, जीव धोक्यात घालून बातमी आणतो. म्हणजे ‘हेरगिरी’ लिहिलं की ज्याच्यावर ती झाली तो आपोआप शत्रू ठरतो. २०१९मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलवाटे जगभरातल्या सुमारे १,४०० जणांना पेगॅससचं लक्ष्य केलं गेलं. भारतातल्या लोकांत वकील, पत्रकार, कार्यकर्ते होते, भीमा कोरेगाव प्रकरणातल्या आरोपींची बाजू मांडणारे नागपूरचे एक वकीलही होते. हे कुठल्या शत्रूच्या छावणीत बसले होते?

‘निगराणी’ नको. हिंदीत तो पहाऱ्याचा शब्द आहे, मराठीत मात्र त्याला निगा राखल्याचा वास येतो. ‘टेहळणी’ बुरुजावरून होते, कोण येतंय-जातंय ते बघायला, ठरावीक माणसावर नव्हे. ‘पाळत’ एका माणसावर असते आणि त्याच्या नकळत असते. तुम्हाला हवा तो शब्द हाच.

चौकातला साधा सीसीटीव्ही ही टेहळणी झाली. त्याच कॅमेऱ्याला चेहरे ओळखणारी यंत्रणा जोडली आणि मोर्चात कोण कोण होतं याची यादी काढली, की ती पाळत होते, तीही एकाच वेळी हजारोंवर. पुस्तिकेत हा फरक जरूर दाखवा.

प्रतिसाद

‘पाळत’ कॅमेऱ्यांना ठीक. स्पायवेअरला तो सौम्य पडतो, असं माझं ठाम मत आहे. पाळत ठेवणारा कोपऱ्यावर उभा असतो. पेगॅसस घरात शिरतं. २०१९च्या त्या हल्ल्यात कॉल उचलायचीही गरज नव्हती. फोन वाजून थांबला तरी काम झालेलं असायचं. पुढे मेसेज वाचता येतात, माइक आणि कॅमेरा चालू करता येतो. निरोप कुलूपबंद जातात या भरवशाचाही उपयोग नाही, कारण कुलूप उघडल्यावर तुम्ही जे वाचता, तेच तुमच्या खांद्यावरून पेगॅससही वाचतं.

आणि शिरणारा नुसता बघून जाईलच असं नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं भीमा कोरेगाव प्रकरणातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपबद्दल अहवाल दिला. नेटवायर नावाच्या मालवेअरमधून, म्हणजे घातक सॉफ्टवेअरमधून, कुणीतरी त्यांच्या लॅपटॉपवर जवळपास बावीस महिने ताबा ठेवला आणि एका लपवलेल्या फोल्डरमध्ये पत्रं आणून ठेवली, असं त्यात म्हटलं आहे. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. पण अहवालात जे वर्णन आहे, त्याला ‘पाळत’ म्हणून भागेल का? ही घुसखोरी आहे. मी ‘घुसखोर सॉफ्टवेअर’ लिहीन.

कायद्यातही याचा फरक पडतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ६९नुसार सरकार ठरावीक कारणांसाठी, लेखी आदेश काढून संदेश मध्येच अडवून बघू शकतं. मात्र परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा त्याच कायद्याच्या कलम ४३ आणि ६६खाली गुन्हा आहे. सगळ्याला सरसकट ‘पाळत’ म्हटलं तर वाचकाला वाटेल, हे फोन टॅपिंगचंच नवं रूप. तसं नाही.

प्रतिसाद

‘घुसखोर सॉफ्टवेअर’ आवडलं.

‘जैवमापन’ मात्र कुणी बोलत नाही. ‘बायोमेट्रिक’च ठेवा. रेशन दुकानात म्हातारी माणसं म्हणतात, ‘थंब लागत नाही.’ आयुष्यभर भांडी घासून, माती उपसून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात, मशीन नाही म्हणतं आणि धान्य अडतं. तुमच्या वाचकाला बायोमेट्रिक कळतं ते तिथून.

खरी गल्लत ‘ओळख’ या शब्दात होते. विमानतळाच्या प्रवेशद्वारावर डिजियात्राच्या, म्हणजे चेहरा बघून आत सोडणाऱ्या यंत्रणेच्या, कॅमेऱ्यासमोर प्रवासी स्वतः उभा राहतो, यंत्र त्याचा चेहरा एकाच नोंदीशी ताडून बघतं. ही पडताळणी. गर्दीतल्या प्रत्येकाचा चेहरा लाखो नोंदींशी ताडणं म्हणजे ओळखून काढणं. पहिल्यात निदान माणसाला कळतं की आपल्याला तपासत आहेत. दोन्हींना ‘चेहरा ओळख’ म्हटलं की दुसरं पहिल्याइतकंच निरुपद्रवी वाटतं.

‘माप’ या शब्दाकडेही लक्ष द्या. १९२०च्या कैदी ओळख कायद्यात मापं म्हणजे मुख्यतः बोटांचे आणि पावलांचे ठसे. त्याच्या जागी २०२२चा कायदा आला, त्यात मापांमध्ये बुबुळ, डोळ्याचा पडदा, सही, हस्ताक्षर सगळं आलं आणि नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूद झाली. शब्द जुनाच, पोट मात्र केवढं वाढलं!

प्रश्नकर्ती

खूप मदत झाली. ‘प्रायव्हसी’ला ‘गोपनीयता’ लिहिलं आहे, ते राहू द्यावं का?

प्रतिसाद

बदला. ‘खासगीपणा’ करा. गोपनीयता म्हणजे काहीतरी लपवलेलं. मग लगेच प्रश्न येतो, ‘लपवण्यासारखं नाही तर घाबरता कशाला?’ खासगीपणाला असा प्रश्न विचारता येत नाही. न्हाणीघराला कडी लावणारा काही गुन्हा लपवत नसतो. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात मूलभूत हक्क म्हणून मान्य केला तो हा खासगीपणा.

प्रश्नकर्ती

मग वाक्य असं करते: ‘पत्रकारांच्या फोनमध्ये घुसखोर सॉफ्टवेअर टाकून त्यांच्यावर पाळत ठेवली गेली.’

प्रतिसाद

‘ठेवली गेली’ म्हटलं की कर्ता गायब होतो. पेगॅसस बनवणारी एनएसओ ही इस्रायली कंपनी म्हणते, आम्ही ते फक्त सरकारांनाच विकतो. आपल्या सरकारनं ते वापरलं की नाही, हे सर्वोच्च न्यायालयात राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सांगितलं नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये न्यायालयानं तज्ज्ञ समिती नेमली. समितीनं २९ फोन तपासले, पाचांत मालवेअर सापडलं, पण ते पेगॅससच असं ठामपणे म्हणता आलं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही, असं समितीनं नोंदवलं. तेव्हा ‘सरकारनं पाळत ठेवली’ असंही छापू नका, ते सिद्ध झालेलं नाही. त्या वाक्याला जोडून लिहा: ‘पेगॅसस वापरलं का, हे विचारल्यावर सरकारनं न्यायालयातही उत्तर दिलं नाही.’ एवढं खरं आहे आणि त्यात कर्ता आहे.