मदत हवी आहे: तुर्की नाव 'जान'

नमस्कार मंडळी, माझ्या मावसबहिणीचा नवरा इस्तंबूलचा, त्यांना मुलगा झालाय आणि नाव ठरतंय 'जान'. तिकडे ते सी-ए-एन असं लिहितात, 1928 साली तुर्कांनी रोमन लिपी घेतली तेव्हा सी ला ज चा उच्चार दिला म्हणून, पण मावशीने व्हॉट्सॲपवर वाचलं आणि दोन दिवस नातवाला 'कॅन, माझा कॅन' करत बसली 😄 आता सांगितलंय तरी 'जास्त'मधला ज लावते, हवाय 'जीव'मधला.

जावई म्हणतात शब्द मूळचा फारसी, अर्थ जीव, प्राण. म्हणजे 'जान ओवाळून टाकणे'मधली जान तीच ना? आणि फारसी जान नि आपल्या 'प्राण'मधला अन् धातू (श्वास घेणे) यांचं काही नातं आहे का, कोणी फारसी शिकलेलं असेल तर प्लीज सांगा.

तिकडे अलीजान, मेहमेतजान अशी जोडनावंही असतात, मग नुसतं 'जान' अर्धवट नाही ना वाटत? दुसरा ऑप्शन 'मेर्त' होता, फारसी 'मर्द'वरून आलेला, अर्थ शूर, पण मावशी म्हणाली मेलं-बिलं ऐकू येतं, नको.

बारसं रविवारी आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.