डॉक्टर "गादी संपली" म्हणाल्यापासून सासूबाईंनी चालणंच सोडलंय (मदत हवी आहे)

चिंचगूळ:
नमस्कार मंडळी, असा धागा आधी असेल तर लिंक द्या, मी शोधलं पण गुडघेदुखीच्या धाग्यांवर नुसती तेलं आणि डिंकाचे लाडूच सापडले.

माझ्या सासूबाई मिरजेला असतात, वय ६७, बीपीची गोळी चालू, शुगर नाही, वजन जास्त आहे. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. दुखणं जुनंच, पण बाई कधी बसल्या नाहीत, भाजी आणायला पिशवी घेऊन चालत जायच्या आणि रिक्षावाल्याने विचारलं तर वर त्यालाच चार शब्द ऐकवायच्या. दिवाळीनंतर फारच दुखायला लागलं म्हणून दीर तिथल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी एक्सरे लाईटवर लावला, पेनाचं टोक ठेवून दाखवलं की इथे मोकळी जागा दिसायला हवी ती राहिली नाहीये, गादी संपली, हाडावर हाड घासतंय. नीट कळावं म्हणून चिठ्ठीच्या मागे एकमेकांना टेकलेली दोन हाडं पण काढून दिली. मग जिना बंद, मांडी घालणं बंद, खाली बसणं बंद, जेवढं वापराल तेवढं झिजेल, आणि आज ना उद्या वाटी बदलावीच लागणार.

तो कागद आता एक्सरेच्या पाकिटात जपून ठेवलाय आणि घरी येईल त्याला काढून दाखवतात, "बघा, हे माझं हाड". चालणं म्हणजे खुर्ची ते बाथरूम. अंगणातली जास्वंद शेजारची मुलगी तोडून आणून देते. दुखणं कमी झालंय का तर अजिबात नाही, उलट आता खुर्चीतून उठायला हात द्यावा लागतो, आधी लागत नव्हता.

पुण्याला आणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले काही विशेष नाही हो, वयोमानानुसार आहे, सगळ्यांनाच होतं, व्यायाम करा, आणि फिजिओकडे पाठवलं. फिजिओ मुलगी चांगली होती पण पाय वाकवताना गुडघ्यात कटकट वाजलं आणि आईंनी तिथेच थांबवलं, म्हणे ऐकलंस ना, घासतंय, उरलंसुरलं पण घालवायचंय का माझं. त्यानंतर व्यायाम बंद तो बंदच.

मला औषध नकोय. तुमच्या डॉक्टरांनी हा आजार तुम्हाला कसा समजावला ते सांगा. आणि ते हाडावर हाड खरंच असतं का? रिपोर्टमध्ये ग्रेड ३ लिहिलंय. मी सांगून उपयोग नाही, सुनेचं कोण ऐकतंय, आणि नवरा बोलला की "तू काय डॉक्टर आहेस का". आणि खरं सांगायचं तर त्यांचं काय चुकतंय? घासून झिजतंय म्हटल्यावर कुणीही वापरणं कमीच करेल ना.

खडीसाखर:
सेम टू सेम, फक्त आमच्या बाबांना "ग्रीस संपलंय" असं सांगितलं होतं. मग पुढचं वाक्य आपोआप येतं की ग्रीस भरूया, आणि ते जेलचं इंजेक्शन. दोन्ही गुडघ्यांत घेतलं, चांगलेच पैसे गेले, पहिला महिना बरं वाटलं असं बाबा म्हणतात पण बाबा पैसे गेले की बरं वाटलंच म्हणतात.

पोटरीपुराण:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. चिंचगूळ, तुमच्या सासूबाईंसारखे पेशंट माझ्याकडे रोज येतात, आणि तुमचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर आहे, त्या हट्टी नाहीयेत, त्यांना जे चित्र दिलंय त्याला धरूनच त्या वागतायत. ऑस्ट्रेलियात गुडघेबदलाच्या वेटिंग लिस्टवरच्या पेशंटशी सविस्तर बोलून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला होता, त्यात पण हेच निघालं, हाडावर हाड घासतंय असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांना वाटतं की भार दिला की अजून नुकसान, म्हणून व्यायाम नको, आता ऑपरेशनच.

मी पेशंटला काय सांगते ते लिहिते. हाडाच्या टोकावर जी कूर्चा असते, जिला सगळे गादी म्हणतात, तिच्यात मज्जातंतूच नसतात. म्हणजे ती स्वतः दुखूच शकत नाही. दुखतं ते खालच्या हाडाला, सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते त्याला, आजूबाजूच्या स्नायूंना, म्हणजे अख्ख्या सांध्याचं हे दुखणं आहे, एका गादीचं नाही. दुसरं म्हणजे कूर्चेत रक्तवाहिन्याही नसतात, तिला पोषण मिळतं सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी आतबाहेर व्हायला दाब पडावा लागतो आणि सुटावा लागतो, थोडक्यात चालावं लागतं. जपून ठेवला म्हणजे सांधा टिकतो असं होत नाही. खुर्चीतून उठायला आता हात लागतो ना, ते गुडघा अजून झिजला म्हणून असायची शक्यता कमी, बसून बसून मांडीचा पुढचा स्नायू गेलाय. त्यांच्या मांडीला हात लावून बघा, मऊ लागेल.

कटकट आवाजाचं म्हणाल तर नुसता आवाज असेल, त्याबरोबर जोरात कळ येत नसेल, तर तो सोडून द्यायचा. माझा स्वतःचा गुडघा जिन्यावर वाजतो, मी पेशंटला मुद्दाम हात लावून बघायला देते, त्याने अर्धी भीती जाते.

आणि एक, पहिले दोन-तीन आठवडे व्यायामाने दुखणं थोडं वाढू शकतं हे आधीच सांगावं लागतं. न सांगता सुरू केलं की दुसऱ्या दिवशी दुखतं आणि पेशंट म्हणतो बघा मी म्हणालो नव्हतो. माझा नियम असा की करताना सोसेल इतकं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं, नाही आलं तर व्यायाम कमी करायचा, बंद नाही करायचा.

गावठी_कोंबडा:
महानारायण तेल कोमट करून रात्री चोळा. आमची आजी ९० पर्यंत चालली.

पोटरीपुराण:
@गावठी_कोंबडा, चोळा की, बरं वाटतं त्याने, पण आजी चालली ती चालत होती म्हणून.

तिरकस:
डॉक्टरांना झोडपायचं चालू झालंय म्हणून लिहितोय. ओपीडीत बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, एकेकाला पाच मिनिटं मिळतात, त्यात "गादी झिजली" हे माणसाला चटकन कळतं. आणि झीज होतच नाही असं तर कुणी म्हणत नाहीये ना? माझ्या वडिलांना दोन वर्षं सगळ्यांनी व्यायाम करा, वजन कमी करा एवढंच सांगितलं, पाय बाहेरून कमानीसारखा वाकला, रात्रीची झोप गेली, शेवटी ऑपरेशन केलं आणि आता भाजी मंडईतून स्वतः आणतात. इम्प्लांटच्या (आत बसवतात त्या कृत्रिम सांध्याच्या) किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा आणली, नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियम धातूवाल्याची ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी, त्याआधी काहीच्या काही बिलं लावायचे. तर ऑपरेशनचा बागुलबुवा पण करू नका.

पोटरीपुराण:
तिरकस, मान्य. व्यायाम, वजन, औषधं सगळं प्रामाणिकपणे करूनही झोप लागत नसेल, रोजची कामं होत नसतील, तर ऑपरेशन उत्तमच आहे आणि त्यात उगाच लांबवू पण नये. माझा आक्षेप फक्त पहिल्याच भेटीत "आज ना उद्या बदलावंच लागणार" म्हणण्याला आहे. गुडघेदुखीच्या बहुतेक लोकांना कधीच बदलावं लागत नाही. आणि ऑपरेशन करायचं ठरलं तरी मांडीचा स्नायू आधी तयार केलेला बराच.

रात्रपाळी:
मी फिजिशियन आहे, हाडांचा नाही, पण दोन-तीन गोष्टी राहिल्यात.

ग्रेड ३ ला घाबरू नका. ही केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ सालची पद्धत आहे, शून्य ते चार, आणि ती एक्सरे बघून ठरवतात, माणूस बघून नाही. एक्सरेत कूर्चा दिसतच नाही, दोन हाडांमधली जागा दिसते, त्यावरून अंदाज बांधायचा. त्यात एक्सरे झोपवून काढला असेल तर जागा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते, म्हणून उभं राहून काढलेला लागतो. ग्रेड ४ घेऊन पंढरीची वारी करणारे मी बघितलेत आणि ग्रेड १ वाले रडताना पण. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात ५० च्या वरच्या ७१० लोकांचे एमआरआय काढले होते, सगळ्यांचे एक्सरे स्वच्छ होते, तरी ८९ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये काही ना काही सापडलंच, दुखत होतं त्यांच्यात आणि नव्हतं त्यांच्यातही. तो पेपर २०१२ चा आहे. ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या सूचनांत तर वय ४५ च्या वर, हालचालीने दुखणं आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होत असेल तर निदानासाठी एक्सरेची गरजच नाही असं म्हटलंय. त्याच सूचनांत जेलची इंजेक्शनं आणि ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठी घेतात त्या गोळ्या) देऊ नका असंही आहे, खडीसाखर, सॉरी.

सकाळी तास-तास सांधे आखडतात, बोटांचे सांधे सुजतात, गुडघा लाल-गरम होतो, ताप येतो, असं काही असेल तर मात्र हा वेगळा विषय आहे, लगेच दाखवा.

आणि दुखण्यावर काय घेतायत ते विचारा. बीपीवाल्या बायका मेडिकलमधून गोळी आणून महिनोन्महिने खातात आणि आमच्याकडे किडनीची तक्रार घेऊन येतात.

चिंचगूळ:
बापरे एवढ्या लोकांनी लिहिलं, थँक्यू. रात्रपाळी, तुम्ही विचारलंत म्हणून नवऱ्याने फोन केला तर कळलं की दीर खरंच मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणून देतात, डायक्लोफेनॅक, रोज एक आणि जास्त दुखलं तर दोन, आम्हाला माहितीच नव्हतं. 😟 ताठरपणा सकाळी पाच-दहा मिनिटंच असतो, बोटं ठीक आहेत. एक्सरे कसा काढला होता विचारलं तर म्हणाल्या झोपवूनच.

वजनाचं कसं बोलू? तो विषय काढला की "म्हणजे मी जास्त खाते" इथे गाडी जाते आणि मग दोन दिवस फोन नाही.

रात्रपाळी:
गोळी त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तपासा, तोवर तीच डायक्लोफेनॅक जेल म्हणून गुडघ्यावर लावता येईल का ते विचारा. गुडघ्याला वरून लावायच्या जेलने आधी सुरुवात करतात, पोटातून गोळी नंतर.

खडीसाखर:
वजनावर आमच्या डॉक्टरांनी बाबांना जे सांगितलं ते पटलं होतं. म्हणाले २००५ साली अमेरिकेत मोजून बघितलंय, वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो. बाबा बँकेतले, आकडा दिला की ऐकतात. जेवू नका असं कुणी म्हणालंच नाही, फक्त चहाची साखर आणि रात्रीचा दुसरा भात. तीन किलो उतरले तर लगेच म्हणाले म्हणजे बारा.

चिंचगूळ:
हा हा, बारावाला हिशोब आईंना नक्की आवडेल, भिशीचा सगळा हिशोब त्याच ठेवतात.

असं ठरवलंय की त्या फिजिओ मुलीशी आधी मीच फोनवर बोलते, तिला तो चिठ्ठीवरचा कागद दाखवते आणि म्हणते की पहिल्या दिवशी व्यायाम नको, फक्त हे समजावून सांग. पोटरीपुराण, सुरुवात कशाने करू देत तिला? मिरजेला परत गेल्यावर एकट्या करू शकतील असं काहीतरी हवं, खाली झोपून उठणं त्यांना जमत नाही.

पोटरीपुराण:
तपासणारी तीच, ठरवणार पण तीच, पण साधारण असं. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, मनात पाच म्हणायचे, सोडायचं. त्यात सांधा फारसा हलत नाही त्यामुळे कटकट होत नाही, घाबरलेल्या माणसाला हे बरं पडतं. दुसरं खुर्चीतून उठणं-बसणं, आधी हातांचा आधार घेऊन, नंतर एका हाताचा, नंतर बिनहाताचं. आणि चालणं, घराबाहेर, सपाटीवर, दुखायला लागायच्या आधी परत फिरायचं इतकंच. जास्वंद त्यांनाच तोडू द्या, शेजारच्या मुलीला सांगून टाका.

मांडी घालण्याचा हट्ट सध्या दोन्ही बाजूंनी नको. जमेल तेव्हा बसतील, उठता येत नसेल तर बसू नये, एवढंच. डॉक्टरांनी "कायमचं बंद" म्हटलंय ते पूजेला बसणाऱ्या बाईला फार लागतं.

तिरकस:
ती उठाबशीची खुर्ची प्लॅस्टिकची घेऊ नका, फरशीवर सरकते, आमच्याकडे वडील पडता पडता वाचले. लाकडी, हाताची, आणि मागे भिंत.