कच्छात रंगीत दगड आणि जीवाश्म : पाच दिवसांत काय काय होईल?

खानापूरवाला : डिसेंबरात जायचंय. मी, बाबा (गुडघ्याचा त्रास) आणि नववीतला मुलगा, त्याला जीवाश्मांचं वेड. तिघांचे मिळून २५ हजार. कडिया ध्रो (रंगीत खडकांची घळ) आणि धोलावीरा (हडप्पाकालीन नगर) एका फेरीत होतंय काय?

निपाणी_नाका : पौर्णिमा धरून रणात टेंट घ्या. तेवढे पैसे टेंटातच जातील, पण घ्याच.

गोकाक_गोटा : होतंय. बेळगावहून गांधीधामची आठवडी गाडी, तिथनं भूज साठेक किमी. कडिया ध्रो भूजपासून साधारण ४० किमी. शेवटचा पट्टा कच्चा, बुटक्या गाडीचं पोट घासतं. गावातच जीप ठरवा, पुढं पायी. माणशी ३ लिटर पाणी, आत टपरी नाही. नेटवर्क जातं, नकाशा भूजलाच उतरवून ठेवा. सकाळी ८ पर्यंत पोचा, दुपारी रंग फिके दिसतात. लाल-पिवळा रंग लोहाचा. रांजणखळगे पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरून झालेत. त्यांच्या काठावर शेवाळ असतं, पाय सरकतो.

शहापूर_दादा : लाल दगडासाठी कच्छ कशाला? बदामी बघा की, दीडशे किमी. रात्री कुंदा खायला घरी.

गोकाक_गोटा : बदामीचा वालुकाश्म कवचवाल्या प्राण्यांच्याही आधीचा ओ, त्यात शंख कुठले? अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाच्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म) हवेत तर कच्छातल्या झुरा डोंगराकडचे ज्युरासिक थर.

चिक्कोडीची_माई : धोलावीराला खावडामार्गे जावा, भचाऊ-रापरचा वळसा वाचतो. पेट्रोल भूजलाच फुल्ल करा, मूळ आधार जवळ ठेवा. लाकडाचे जीवाश्म धोलावीराच्या नगरापासून लांब, रणाच्या काठाला. तिथं रिक्षा मिळत नाही, नेलेली गाडीच थांबवा. दहापट भिंग न्या. दगडावर पाणी शिंपडलं की लाकडाचे धागे उठून दिसतात. तुकडा खिशात घालू नका, फोटोत शेजारी नाणं ठेवा म्हणजे माप कळतं.

निपाणी_नाका : पेट्रोल भूजलाच भरा. आणि पौर्णिमा!

खानापूरवाला : सगळ्यांचे आभार. बाबांना गोट्यांवरनं चालणं झेपणार नाही, म्हणून जैसलमेरचं आकल जीवाश्म उद्यान ठरवलं. जैसलमेरहून बाडमेर रस्त्याला १७ किमी, १८ कोटी वर्षांचे दगड झालेले ओंडके जाळीच्या पिंजऱ्यात. बेळगाव-जोधपूर थेट गाडी आहे, स्लीपरचं तिकीट काढून सोडलं.

गोकाक_गोटा : आकलला अमोनाइट नाहीत, मुलाला आधीच सांगा.

शहापूर_दादा : बदामी अजून जवळच आहे.