मंडळीत (चर्चमध्ये) धान्यवाटप चालू आहे, पण न्यायाचं काम कुठून सुरू करावं?

दिवटी: आमच्या मंडळीत दर महिन्याला गरजू कुटुंबांना धान्य दिलं जातं. कुटुंबं बहुतेक तीच असतात. ‘यांना दर महिन्याला का यावं लागतं?’ असं तरुण गट विचारू लागला आहे. वडीलजन, म्हणजे मंडळीचे पुढारी, म्हणतात, हे राजकारण झालं, मंडळीने सुवार्तेपुरतं, ख्रिस्ताच्या शुभसंदेशापुरतं राहावं. याला वचनाचा आधार काय आणि पहिलं पाऊल कोणतं?

मोहरीचा दाणा: सगळे आमोस ५:२४ पासून, ‘न्याय पाण्यासारखा वाहो’ या संदेष्ट्याच्या वचनापासून सुरुवात करतात. वडीलजनांसोबत बसणार असाल तर आधी नियमशास्त्र (बायबलची पहिली पाच पुस्तकं) उघडा, कारण तिथे न्यायाची तरतूद करून ठेवली आहे. लेवीय १९:९-१० सांगतं की शेताच्या कडेचं पीक कापायचं नाही आणि सरवा (कापणीनंतर शेतात पडलेली कणसं) वेचायचा नाही. तो गरिबाचा आणि परक्याचा. मालकाला दया येण्याची वाट पाहायची गरजच नाही. अनुवाद २४:१५ प्रमाणे मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची, आणि याकोब ५:४ मध्ये तीच अडवलेली मजुरी ओरडते आहे.

सुवार्तेचं म्हणाल, तर लूक ४:१८ नीट वाचा. येशू यशया ६१ वाचतो, पण ‘ठेचलेल्यांना मोकळं करणं’ हे त्यात यशया ५८:६ मधून आलं आहे. दीनांना सुवार्ता आणि पिडलेल्यांची सुटका त्याने एकाच वचनात ठेवली. ती आपण वेगळी करू नये.

जैतून: पहिलं पाऊल मंडळीच्या आवारातच टाका. सफाई करणारे, रखवालदार, वाहनचालक यांना किमान वेतन मिळतं का? ठरल्या तारखेला मिळतं का? आठवड्याची सुट्टी, लेखी करार आहे का? हे दुरुस्त केल्याशिवाय बाहेर मजुरीबद्दल बोललात तर कोणी ऐकणार नाही, आणि ते योग्यच आहे.

मग प्रेषितांची कृत्ये ६ अभ्यासाला घ्या. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही, मंडळीला सात जण निवडायला सांगितलं. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटावर अन्याय झाला, बहुधा त्याच्याच हाती वाटप गेलं. तुमच्या वाटप समितीत धान्य घेणाऱ्या कुटुंबांतलं कोणी आहे का?

दिवटी: नाही. वाटपाच्या दिवशीच त्यांच्याशी बोललं तर चालेल?

जैतून: त्या दिवशी नको. पिशवी हातात घेताना माणूस देणाऱ्याला आवडेल तेच बोलतो. दुसऱ्या दिवशी, वाटप न करणाऱ्या व्यक्तीने घरी जाऊन बोलावं. मजुरी बुडते का, कर्जाचं व्याज किती, कोणता कागद नसल्याने हक्काची योजना अडली, आजारपणावर किती खर्च होतो, एवढं विचारा. नावं फळ्यावर लिहू नका, फोटो काढू नका. उपासनेला येण्याची अट तर कधीच घालू नका. तशी अट असली की दुसरं कुठलंच उत्तर खरं मिळत नाही.

मोहरीचा दाणा: पुढच्या कामाला ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत घ्या. बेल्जियमचे धर्मगुरू योसेफ कार्डाइन यांनी ती तरुण कामगारांमध्ये रुजवली आणि १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांच्या परिपत्रकात ती आली. प्रॉटेस्टंट मंडळीतही अडचण येत नाही. बहुतेक गट ‘पाहा’ उरकतात, ‘पारखा’ गाळतात आणि थेट मोर्चाकडे वळतात. तिथेच काम फसतं. घरभेटींतून जो त्रास सर्वांत जास्त कुटुंबांत दिसेल, तो एकच विषय धरा. पाच विषय घेतले की प्रत्येकावर एकेक प्रार्थनासभा होते आणि काम थांबतं.

राजकारणाच्या आक्षेपावर रेघ आधीच लिहून ठेवा: नियम, वेतन, धोरण यांवर मंडळी बोलेल; उमेदवार व्यासपीठावर येणार नाही, पक्षाचा पैसा घेतला जाणार नाही. आणि मुदत लांब धरा. ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि इतर ख्रिस्ती लोकांनी १७८७ मध्ये समिती स्थापली; व्यापारावर बंदी १८०७ मध्ये आली आणि गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ मध्ये.

तोवर धान्यवाटप बंद करू नका. फक्त त्याच्या वहीत ‘का यावं लागलं’ असा एक रकाना वाढवा आणि दर तीन महिन्यांनी तो वडीलजनांसमोर वाचा.