मदत हवी आहे: दचकवणारा नको, घाबरवणारा सिनेमा सुचवा

मंडळी, शनिवारी आम्ही चुलत भावंडं गावी जमतोय. दिवे मालवून भयपट बघायचा बेत आहे. धाडकन आवाज आला की कुणीही दचकतं हो, त्यात काय! मला 'लपाछपी'मधला (२०१७) ऊस अजून छळतो. चहूकडे तीच पानं, तीच सळसळ आणि बाहेरची वाट काही सापडत नाही. 'तुंबाड'मधली (२०१८) साखळीने बांधलेली म्हातारीही तशीच. (भूत नीट दिसलं की माझी भीती निम्मी होते, तुमचं काय?) हे दोन सोडून मराठी-हिंदी काहीही चालेल, फक्त शेवटी सगळं समजावून सांगणारा नको. आणि हो, आईपण बसणार आहे, तेव्हा रक्तपात बेताचाच. शुक्रवारपर्यंत सांगा प्लीज, गावी नेटची बोंब आहे, इथूनच डाउनलोड करून न्यावा लागेल.