पिसारोच्या खिडकीतून: माणसं की नुसती गर्दी?

शेवटचा बाक: परवा न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात चित्रकार कामिय पिसारोचं 'बुलव्हार मोंमार्त्र, हिवाळ्यातली सकाळ' (१८९७) पाहिलं. नावाजलेलं चित्र, पण माझं काही त्याच्याशी जमलं नाही. पॅरिसचा रुंद रस्ता, निष्पर्ण झाडं, घोडागाड्या, आणि माणूस म्हणजे ब्रशचा एक फटकारा. जवळ जाऊन बघा, ना डोळे ना हात. हा गृहस्थ विचाराने अराज्यवादी, म्हणजे सरकारच नको म्हणणारा, आणि श्रीमंती हमरस्ता रंगवतो हॉटेलच्या खिडकीतून! खाली उतरला असता तर कोण गारठलंय ते कळलं असतं.

निळावंती: उतरणार कसा? डोळ्याच्या अश्रुनलिकेचं जुनं दुखणं, धूळ-वारा सोसायचा नाही. म्हणून तर फेब्रुवारीत 'ग्रां ओतेल द रुसी' या हॉटेलात खोली घेतली आणि वरून हाच रस्ता चौदा वेळा रंगवला. सकाळ, पाऊस, धुकं, रात्रसुद्धा. वय ६६. आणि थंडी चेहऱ्यावरच दिसायला हवी का? तो करडा-जांभळा उजेड बघा की.

शेवटचा बाक: दुखणं मान्य. पण खेड्यातल्या बायका याच माणसाने केवढ्या मायेने रंगवल्यात! शहरात आल्यावर माणसाची मुंगी?

अर्धा कटिंग: मुंगी कसली? आमच्या चौथ्या मजल्यावरून खालचे काका मला चालीवरून कळतात. डावा खांदा पाडून चालतात, पिशवी नेहमी उजव्या हातात. चेहरा दिसतो कुठे? पिसारोच्या फटकाऱ्यांतही घाईतला आणि रेंगाळणारा वेगळे कळतात.
आणि गरिबी दिसली नाही म्हणताय, तर १८८९-९० ची त्याची 'त्युर्पित्युद सोसियाल' (समाजातल्या लाजिरवाण्या गोष्टी) ही चित्रवही बघा. २८ रेखाचित्रं, पॅरिसमधली उपासमार, आत्महत्या, सगळं आहे त्यात.

शेवटचा बाक: ती वही भाच्यांसाठी होती हो, घरातल्या घरात. विकायला गेला तो हा बुलव्हार, म्हणजे श्रीमंती रस्ताच. चित्रं घ्यायला द्युरां-रुएल हा व्यापारी बसलेलाच होता. माझं म्हणणं तेच आहे.

निळावंती: मग? मोठा संसार होता, चित्रं विकायला नकोत? बरं, याच मालिकेतलं रात्रीचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ओला रस्ता, दिव्यांचे ठिपके. त्यावर सही नाही, हयातीत कधी प्रदर्शनात मांडलं नाही. ते कुठल्या गिऱ्हाइकासाठी?

शेवटचा बाक: हे माहीत नव्हतं. रात्रीचं बघतो. सकाळच्या चित्राबद्दल मात्र अजून असहमत.