बासिलेइया : अंमल की मुलूख?

वसईकर : 'तुझे राज्य येवो' ही येशूने शिकवलेली प्रार्थना लहानपणापासून म्हणतोय. पण हल्ली 'राज्य' म्हटलं की नकाशा, सीमा आणि एमएच नंबरप्लेटच डोळ्यांपुढे येते. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द बासिलेइया. आधी राजेपण, सत्ता चालवणं, मुलूख नंतर. म्हणून 'देवाचा अंमल' म्हणावं असं माझं मत. लूकच्या शुभवर्तमानात १९:१२ बघा, येशूचा दाखला आहे. एक उमराव बासिलेइया मिळवायला दूर देशी जातो आणि परत येतो. मुलूख तर घरीच होता, आणायला गेला तो अधिकार. ऐकणाऱ्यांना अर्खेलाव आठवला असणार. इ.स.पू. ४ मध्ये बाप, यहुद्यांचा राजा थोरला हेरोद, मेला आणि हा राजेपण मागायला रोमला सम्राट ऑगस्टसकडे गेला. 'हा नको' म्हणत यहुद्यांचं शिष्टमंडळही तिथे पोचलं. शेवटी बापाचा अर्धा मुलूख मिळाला, राजा ही पदवी नाहीच.

मिरजकर : दाखला चांगला, पण सोयीचा. मार्क ६:२३ का गाळलंत? अर्खेलावाचा भाऊ हेरोद अंतिपा नाचणाऱ्या मुलीला म्हणतो, अर्ध्या बासिलेइयापर्यंत काय हवं ते माग. अर्धा अंमल तोडून कसा देणार? (मार्क त्याला राजा म्हणतो, प्रत्यक्षात गडी मांडलिक. बढाया बघा!) मत्तय ४:८ मध्ये सैतान डोंगरावरून जगातल्या बासिलेइया दाखवतो. डोंगरावरून मुलूखच दिसतो.

वसईकर : ती माणसांची राज्यं. देवाच्या बाबतीत मागे जुन्या करारातला हिब्रू शब्द 'मल्खूत' आहे. स्तोत्र १४५:१३ मध्ये त्याच्या जोडीला 'प्रभुत्व' आलंय. देवाचं मल्खूत म्हणजे राजसत्ता, प्रदेश कधीच नाही, हे जर्मन अभ्यासक डालमानने १८९८ मध्येच मांडलं.

मिरजकर : आणि तेव्हापासून सगळे तेच गिरवताहेत. मार्क ९:४७ म्हणतं, एका डोळ्याने का होईना, देवाच्या राज्यात जा. अंमलात 'आत' कसं जायचं?

ओटीवरून : मध्येच तोंड घालते. त्याच उताऱ्यात ४३ आणि ४५ व्या वचनात 'जीवनात जाणं' आहे. जीवनाला कुठे कुंपण असतं? तेव्हा मिरजकर, तो मुद्दा पडला. पण वसईकर, 'अंमल'ही नको हो, आमच्याकडे अंमल भांगेचा चढतो. शिवाय मराठी 'राज्य' काही नकाशापुरतं नाही. 'पेशव्यांच्या राज्यात' म्हणतो तेव्हा काळ सांगतो, स्वयंपाकघरात सासूबाईंचं राज्य असतं, आणि लपाछपीत राज्य येतं त्याला इंचभर जमीन मिळत नाही. १ मे १९६० ला सरकारी राज्य झालं म्हणून जुना शब्द का टाकायचा?

वसईकर : लपाछपीत राज्य आलेला डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून उभा असतो, ताई. देवाला तसं उभं करू नका. बाकी 'राज्य' ठेवायला हरकत नाही, फक्त प्रवचनात अंमल सांगा.

मिरजकर : सांगा की. मग लूक १३:२९ पण सांगा. पूर्वेकडून, पश्चिमेकडून लोक येऊन देवाच्या बासिलेइयात पंगतीला बसतील. पानं कुठे मांडणार, अंमलावर?